रामदास बोट आणि आपण

कोकणात पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला "रामदास" म्हणा. निम्म्यांना समर्थ आठवतील, निम्म्यांना बोट. माझ्या लहानपणी भर पावसात कोणी मुंबईला जायचं नाव काढलं की घरातलं कुणीतरी जुनं माणूस हटकून म्हणायचं, "रामदास बुडाली ती अशाच दिवसांत." पुढे कुणी काही विचारायचं नाही. खूप वर्षांनी कळलं, की ही बोट रत्नागिरीची नव्हतीच, ती रेवसला जायची! आपल्याकडच्या बोटी तर पावसाळ्यात बंदच असत. समुद्र खवळला की पडावातून बोटीवर चढणार कोण? पण मुंबई बंदरातली रेवसची फेरी चालू असे. तेवढं जवळचं अंतर म्हणून.

१७ जुलै १९४७. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावस्या, म्हणजे गटारी. सणाला घरी निघालेले चाकरमानी, बाजार करून परतणारे कोळी, बायका, पोरं. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली आणि काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटांनी एका अंगावर कलंडली. लाट आत आली तशी माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि कल वाढला, असं सांगतात. पाऊस आत येऊ नये म्हणून बाजूंना ताडपत्र्या बांधल्या होत्या, त्यांत कितीतरी अडकले. सहाशेच्या वर माणसं गेली. धक्क्यापासून इतक्या जवळ!

मला सगळ्यात अंगावर येतं ते पुढचं. बोट बुडाली हे मुंबईला ठाऊकच नव्हतं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. एक कोळ्याचं पोर तरंगत, पोहत मुंबईच्या किनाऱ्याला लागलं आणि त्याने सांगितलं तेव्हा दुपार उलटत आली होती. तिकडे रेवसच्या कोळ्यांनी मात्र आपल्या होड्यांमधली मासळी समुद्रात ओतून माणसं वर ओढली, असं अजून त्या बाजूला सांगतात. पोटावरची मासळी ओतणं म्हणजे काय, ते मिरकरवाड्यात कुणालाही विचारा.

मग धक्क्यावर गर्दी, आकांत, वर्तमानपत्रं, चौकशी. पुढे? बरोबर २९ दिवसांनी १५ ऑगस्ट उजाडला. फाळणीच्या बातम्या आल्या. सहाशे माणसांचं दुःख एवढ्या मोठ्या गदारोळात कुठे टिकणार? ते गावागावांत टिकलं, घराघरांत. वर्षश्राद्धाच्या तिथीत.

लोकांनी तेव्हा काय म्हटलं हे ऐकत आलोय. कोणी म्हणे अवसेच्या तोंडावर निघायलाच नको होतं. कोणी तांडेलाला नावं ठेवी, कोणी कंपनीला. ही कंपनी स्वदेशीच्या काळातली, गोऱ्यांच्या बोटींना टक्कर म्हणून उभी राहिलेली, म्हणून लोक तिला "माझी आगबोट कंपनी" म्हणत. बोटींना संतांची नावं. तिच्याच "जयंती" आणि "तुकाराम" या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ ला, एकाच दिवशी, वादळात बुडाल्या होत्या. म्हणजे वीस वर्षांपूर्वी धडा मिळालेला होता. पण बोट "आपली" असली की जाब विचारताना जीभ जरा अडखळते, असं मला वाटतं. दैवाला दोष देणं सोपं. ते उलटून उत्तर देत नाही.

आता आपल्या डोळ्यांसमोरचं. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. मंडणगड-दापोलीत माडापोफळीच्या बागा झोपल्या, आणि इथे रत्नागिरीत मिऱ्याच्या किनाऱ्याला "बसरा स्टार" नावाचं जहाज येऊन लागलं. तेरा खलाशी सुखरूप उतरवले. मग काय, जत्राच! जहाजापुढे उभं राहून फोटो, वडापावच्या गाड्या. पुढची काही वर्षं ते तिथेच गंजत होतं. माणसं वाचली की जहाजाचं कौतुक होतं, हे आपलं बरं आहे.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते. १६ मे २०२१ ला आपल्याकडे आंब्याची झाडं उन्मळली, वीज गेली. त्यात करोना. दुसऱ्या दिवशी मुंबईपलीकडे, तेलविहिरींच्या भागात, पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा तराफा नांगर तुटून भरकटला आणि संध्याकाळी बुडाला. २६१ माणसं होती. नौदलाने तसल्या समुद्रात १८६ जणांना वाचवलं, त्याला तोड नाही. पण इशारा? तो कित्येक दिवस आधी आलेला होता. बिनतारी यंत्र होतं, उपग्रह होते, मोबाइलवर वादळाचा नकाशा तर आपण सगळेच बघत बसलो होतो.

आणि पहिला गुन्हा कोणावर? तराफ्याच्या कप्तानावर. तेव्हा तो स्वतःच बेपत्ता होता, पुढे तो गेल्याचंच निष्पन्न झालं. त्याची चूक असेल, नसेल. पण तराफा बंदरात आणायचा की तिथेच ठेवायचा, काम किती दिवस चालवायचं, हे एकट्या कप्तानाने ठरवलं असेल असं मला वाटत नाही. तेल कंपनी आणि ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. सरकारने समिती नेमली. वाहिन्यांवर आठवडाभर चर्चा झाली आणि मग लोक लसीच्या रांगेत लागले.

तेव्हा मृतदेह रायगडच्या आणि पार गुजरातच्या किनाऱ्याला लागत होते. ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. त्यातले पुष्कळ कामगार उत्तरेतले, दक्षिणेतले, समुद्र पहिल्यांदा पाहिलेलेही असतील. त्यांच्याही गावी आता कोणीतरी "पी-तीनशे पाच" म्हणत असेल, आणि पुढे कुणी काही विचारत नसेल.