पटवाऱ्याचे दप्तर

भोकरदनच्या ईशान्येस वऱ्हाडातील बुलडाणा जिल्हा लागतो. आज ती केवळ दोन जिल्ह्यांची शीव आहे. ऑगस्ट 1947 नंतर मात्र तेरा महिने ती दोन सत्तांची सरहद्द होती. पलीकडे स्वतंत्र भारत, अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. भोकरदन तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. जालना जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी.

दरवर्षी 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामातील वीरांचे स्मरण होते, आणि ते उचितच आहे. आम्ही येथे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते त्या संग्रामातील एका उपेक्षित पात्राकडे, निजामाच्या लहानशा नोकराकडे.

सामान्य रयतेने निजाम कधी पाहिला नव्हता. तिला सरकार दिसे ते पाटील, पटवारी व करोडगिरी नाक्यावरील शिपाई यांच्या रूपाने. साऱ्याची नोंद पटवाऱ्याच्या दप्तरात. सरहद्दीवरून जाणाऱ्या मालाची जकात नाक्यावर. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ऑगस्ट 1947 मध्ये लढा पुकारला. पुढे रझाकारांच्या अत्याचारांमुळे त्याला सशस्त्र वळण लागले, तेव्हा घाव बसला तो याच ठिकाणी. मनमाड, उमरखेड, बार्शी येथे, म्हणजे भारताच्या हद्दीत, कार्यकर्त्यांचे कँप उभे राहिले. तेथून निघालेल्या तुकड्या सरहद्द ओलांडून नाक्यांवर व पोलीस ठाण्यांवर हल्ले करीत, हत्यारे हस्तगत करीत, दप्तरे जाळीत. सरकारचे उत्पन्न बुडावे व खेड्यांवरील त्याचा वचक नाहीसा व्हावा, हा हेतू होता.

हा लढा न्याय्य होता, याविषयी आम्हांस शंका नाही. कासिम रझवीचे रझाकार गावे लुटीत असता रयतेने दाद मागावी तरी कोणाकडे? तथापि पटवारी हा बहुधा त्याच मुलखातील वतनदार. नोकरी सोडावी तर सरकारचा रोष, न सोडावी तर लढणाऱ्यांचा. त्याच्या घरच्यांनी त्या रात्री कशा काढल्या असतील, हे कोणत्याही गौरवग्रंथात येत नाही.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. 17 तारखेस निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर अनेक ठिकाणी मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा केला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या मराठवाड्यातील उस्मानाबाद व नांदेड हे दोन होते. समितीचा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला.

या इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट सांगावीशी वाटते. जुलमी सत्तेवरील राग प्रथम तिच्या हुद्द्यावर उतरतो, हुद्द्यावरून माणसावर, आणि माणसावरून त्याच्या साऱ्या जमातीवर. पहिली पायरी कधी अटळ असते. तिसरी कधीच अटळ नसते. मुक्तिदिनी झेंड्याला वंदन करताना या तिसऱ्या पायरीवर बळी पडलेल्यांचीही आठवण ठेवली, तर मुक्तीचे मोल उणे होणार नाही.