साखरखेर्ड्याची लढाई आणि निजाम-उल्-मुल्क

वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे ऑक्टोबर 1724 मध्ये झालेल्या लढाईने दख्खनचा पुढील सव्वादोनशे वर्षांचा इतिहास ठरवला. ती जिंकणारा मीर कमरुद्दीन ऊर्फ निजाम-उल्-मुल्क हा सेनानी म्हणून पुढे आला, मोगल साम्राज्याचा वजीर झाला आणि या विजयानंतर स्वतंत्र राज्याचा संस्थापक ठरला.

त्याचा जन्म 1671 चा. त्याच्या आजोबांना 1687 मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात मृत्यू आला. वडील गाजीउद्दीनखान फिरोजजंग हे औरंगजेबाचे नामांकित सरदार होते. तोही औरंगजेबाच्या मोहिमांत घडला. ‘चिनकिलिचखान’ हा किताब त्याला मिळाला आणि 1705 च्या वाकिनखेड्याच्या वेढ्यात त्याने भाग घेतला. बादशहा फर्रुखसियरने 1713 मध्ये त्याला ‘निजाम-उल्-मुल्क’ हा किताब व दख्खनची सुभेदारी दिली. दोन वर्षांत ती सुभेदारी दरबारातील प्रबळ सय्यद बंधूंपैकी हुसेन अलीकडे गेली. निजामाने 1720 मध्ये सय्यद बंधूंच्या फौजांचा पराभव करून ती परत मिळवली. त्यांतील निर्णायक लढाई वऱ्हाडातच, बाळापूरजवळ झाली.

बादशहा महंमदशहाने 1722 मध्ये त्याला वजिरी दिली. महसूल व दरबारी शिस्त सुधारण्याच्या त्याच्या प्रयत्नांना दरबारातील गटांनी विरोध केला. अखेर तो दिल्ली सोडून दक्षिणेकडे निघाला. तेव्हा दरबाराने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याला दख्खनची सुभेदारी देऊन निजामाविरुद्ध उभे केले.

दोन्ही सैन्ये साखरखेर्ड्याला भिडली. निजामाला पेशवा पहिला बाजीराव याचे साहाय्य होते. मुबारिझखान रणांगणावर पडला. विजयाची खूण म्हणून निजामाने गावाचे नाव ‘फतेहखेर्डा’ ठेवले. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डा हेच टिकले. बादशहाने 1725 मध्ये दख्खनची सुभेदारी कायम करून त्याला ‘आसफजाह’ हा किताब दिला. नावापुरती बादशाही सत्ता मान्य करीत तो प्रत्यक्षात स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला.

मराठ्यांशी झालेले सख्य अल्पकाळच टिकले. चौथाईच्या (महसुलाच्या चौथ्या हिश्शाच्या) वादातून 1728 मध्ये बाजीरावाने त्याला पालखेड येथे कोंडीत पकडले. वऱ्हाडात निजामाचे अधिकारी आणि मराठ्यांचे वसूलदार यांचा दुहेरी अंमल दीर्घकाळ चालला आणि त्याचा भार रयतेवर पडला. 1803 च्या देवगावच्या तहाने मराठ्यांच्या बाजूने वसुली करणाऱ्या नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडावरील हक्क संपला.

निजाम-उल्-मुल्क 1748 मध्ये बुऱ्हाणपूरला मरण पावला. त्याची कबर खुलदाबादला आहे. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तरी हैदराबादच्या आसफजाही घराण्याचे नाममात्र स्वामित्व 1948 पर्यंत राहिले.