उसनवारीची गल्ली

ब्वेनोस आइरेस शहराच्या दक्षिण हद्दीवरून वाहणारी रियाच्वेलो नावाची काळवंडलेली नदी जेथे विस्तीर्ण ला प्लाता नदीस मिळते, त्या मुखाजवळच्या वस्तीस ला बोका म्हणतात. स्पॅनिश भाषेत ‘बोका’ म्हणजे तोंड. एकोणिसाव्या शतकात इटलीतील जिनोव्हाकडून पोटामागे निघालेले खलाशी, सुतार, कोळसेवाले आणि हमाल या बंदरात उतरले, आणि जेथे उतरले तेथेच, नदीच्या चिखलात, आपली बोली व आपले बिऱ्हाड घेऊन राहिले. या वस्तीतील कामिनितो नावाची गल्ली आज जगभरचे प्रवासी पाहावयास येतात. तिची लांबी जेमतेम दीडशे मीटर. सावकाश चालले तरी दोन-तीन मिनिटांत संपते. तिच्या भिंती निळ्या, पिवळ्या, तांबड्या, हिरव्या; भिंतींवर उठावाची शिल्पे बसविलेली; आणि माथ्यावर कोणतेही छप्पर नसलेले हे वस्तुसंग्रहालय रात्रंदिवस उघडे.

मला मात्र त्या गल्लीत हिंडताना राहून राहून वाटत होते, की येथील एकही वस्तू येथली नव्हे. सारी उसनवारी आहे.

प्रथम घरेच पाहावीत. लाकडी सांगाड्यावर पन्हळी पत्रे ठोकून ही घरे उभी केलेली असत, आणि आग्नेयेकडून वारा सुटला की नदीचे पाणी मागे रेटले जाऊन वस्तीत शिरे, म्हणून पुष्कळशी घरे खांबांवर उचललेली असत. एका खोलीत एक कुटुंब, मध्ये सामाईक चौक, पाण्याची व शौचाची सोय सर्वांत मिळून. या बिऱ्हाडांच्या वाड्यास तेथील लोक जे नाव देत, त्याचा मूळ अर्थ ‘लहानसा मठ’ असा आहे, आणि त्यातील उपहास गिरणगावातील चाळीत वाढलेल्या मनुष्यास समजावून सांगावा लागू नये. पत्रा गंजू नये म्हणून रंग हवा, आणि रंगास पैसा नाही. तेव्हा गोदीत जहाजे रंगवून डब्याच्या तळाशी जे उरे ते घरी येई. एक डबा अर्ध्या भिंतीवर संपला तर उरलेल्या भिंतीस दुसरा रंग लागे. आज ज्याची छायाचित्रे घेण्यास गर्दी लोटते ती रंगसंगती अशी उरल्यासुरल्यातून झाली, असे बोकाचे लोक सांगतात, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

गल्लीची वाटही उसनीच. येथे पूर्वी एक ओहोळ होता. तो आटल्यावर त्याच्या पात्रावरून आगगाडीचे रूळ गेले, आणि आज गल्लीस जो वाकडा बाक आहे तो त्या रुळांचा. 1954 साली हा फाटा बंद झाला आणि बेवारस पडलेल्या त्या जागेचा उकिरडा झाला.

तो उकिरडा ज्याने शेजाऱ्यांना हाताशी धरून साफ केला, त्या बेनितो किंकेला मार्तिन या चित्रकाराचे आडनावसुद्धा जन्माने त्याचे नव्हते. 1890 साली काही दिवसांचा हा मुलगा अनाथालयाच्या दाराशी ठेवलेला सापडला. सहा-सात वर्षांचा असताना एका जिनोव्ही कोळसेवाल्याने व त्याच्या बायकोने त्यास घरी नेले. त्या पित्याचे आडनाव इटालियन पद्धतीने असे लिहीत, की स्पॅनिश वाचणाऱ्याच्या तोंडी त्याचा ‘क’ जाऊन ‘च’ यावा. तेव्हा मुलाने मोठेपणी अक्षरे बदलली आणि उच्चार राखला. दत्तकपुत्राने बापाचे नाव याहून अधिक निष्ठेने कसे जपावे?

हा मुलगा पाठीवर कोळशाच्या गोणी वाहून वाढला, आणि पुढे त्याने आयुष्यभर हेच बंदर रंगविले. कुंचल्यापेक्षा रंगपट्टीच्या सुरीने तो रंगाचे जाड थर देई, आणि त्याच्या पटावर वाकलेले हमाल, धूर, डोलकाठ्या व पेटल्यासारखे पाणी एकाच आवेगाने उसळते. माद्रिद, पॅरिस, न्यूयॉर्क, लंडन येथे त्याची प्रदर्शने झाली. मिळालेल्या पैशातून त्याने बोकात जमीन घेऊन शाळेसाठी व संग्रहालयासाठी देऊन टाकली. गल्लीच्या भिंती त्याने आपल्या पसंतीच्या रंगांनी रंगवून घेतल्या, आणि 1959 साली नगरपालिकेने तीस रीतसर रस्ता-संग्रहालय म्हणून मान्यता दिली. जुन्या बोकात एवढा झगमगाट कधीच नव्हता, अशी तक्रार काही चोखंदळ लोक करतात. ती खरीही असेल. पण जहाजाचा रंग घरावर आला, घरावरून चित्रात गेला, आणि चित्रातून पुन्हा घरावर उतरला, यात अस्सल प्रत कोणती हे मला ठरविता आले नाही.

नावाची हकीकत तर याहून मौजेची. ‘कामिनितो’ म्हणजे लहानशी वाट. हे 1926 सालच्या एका प्रसिद्ध टँगो गीताचे शीर्षक. त्याची चाल बांधणारा हुआन दे दिओस फिलिबेर्तो हा याच वस्तीतला, किंकेलाचा स्नेही; त्याच्या मनात हीच वाट होती. परंतु शब्द लिहिणाऱ्या गाबिनो कोरिया पेन्यालोसा याची वाट निराळी. ती शेकडो कोस दूर, ला रिओहा प्रांतातील ओल्ता गावची. म्हणजे गाणाऱ्यांच्या मुखी असलेली वाट एक, सुरात दडलेली दुसरी, आणि पाटी लागली ती दुसरीवर!

आज तेथे चित्रे मांडून बसलेले विक्रेते आहेत, पैसे घेऊन प्रवाशांबरोबर नृत्याचा आविर्भाव करून उभी राहणारी जोडपी आहेत, आणि भिंतींपेक्षा भडक अशी चित्रकार्डे आहेत. गर्दी टाळून मी एका कोपऱ्यावरच्या पत्र्याशी गेलो. खिळ्याभोवती रंगाचा पोपडा नखाएवढा उडाला होता. पिवळ्याखाली निळा, निळ्याखाली मळकट हिरवा, आणि तळाशी गंज. थर इतके जाड, की पत्र्याची पन्हळ तेथे बुजत आली होती.

किंकेला 1977 च्या जानेवारीत वारला. रंगांत आयुष्य काढलेल्या माणसाने कोऱ्या पेटीत जाऊ नये, असे त्याचे मत असल्याने शवपेटी त्याने पूर्वीच सिद्ध करून ठेविली होती; तिच्या लाकडावर बोकाचे बंदर रंगविलेले होते.