निसर्गाविरुद्धच्या पापाची कुळकथा

समलैंगिक संबंधांना कॅथलिक ख्रिस्तसभा पाप मानते, त्यामागे बायबल आहे असे आपण धरून चालतो. पौलाच्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय त्यात आहेच. पण या शिकवणुकीतला युक्तिवाद बराचसा बायबलबाहेरून आला.

तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा रोमन कायदेपंडित अल्पियन म्हणे, निसर्गाने सर्व प्राण्यांना जे शिकवले तो निसर्गनियम. नर-मादीचे मीलन आणि पिलांचे संगोपन त्यातलेच. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या 'डायजेस्ट' या कायदासंग्रहात ही व्याख्या टिकली, आणि मध्ययुगात बोलोन्याच्या पंडितांनी तो ग्रंथ पुन्हा हाती घेतला.

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने ती व्याख्या आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' ग्रंथात घेतली. समागम संततीसाठी, ज्यातून संतती संभवत नाही तो निसर्गाविरुद्ध. म्हणून त्याच्या यादीत पुरुष-पुरुष, स्त्री-स्त्री संबंधांच्या शेजारी हस्तमैथुन बसते आणि स्त्री-पुरुषांमधले काही प्रकारही. वासनेच्या पापांत हा वर्ग त्याने सर्वांत वर ठेवला, बलात्काराच्याही वर: बलात्कारात माणसावर अन्याय होतो, इथे निसर्ग घडवणाऱ्या देवाचा अवमान होतो. हा क्रम मला आजही वाचवत नाही. ज्यात कुणाला इजा नाही ते कृत्य इतके भयंकर ठरले, कारण मोजमाप माणसाच्या वेदनेचे नव्हतेच.

आणि याच थॉमसने त्याच ग्रंथात, सुखाचा विचार करताना, लिहून ठेवले आहे की मनुष्यजातीच्या स्वभावाविरुद्ध असलेली गोष्ट एखाद्या व्यक्तीला तिच्या घडणीतील बिघाडामुळे स्वाभाविक होऊ शकते. उदाहरणांत पुरुषांमधला समागम आहे. त्याने तो बिघाडच मानला, पण व्यक्तीचा स्वभाव निराळा असू शकतो हे पाहिले. माझ्या मते या साऱ्या परंपरेतले सर्वांत मोलाचे निरीक्षण हेच, आणि पुढच्यांनी त्यावर फारसे काही उभारले नाही.

निसर्गाची ही भाषा प्रोटेस्टंट इंग्लंडच्या कायद्यातही शिरली, आणि १८६०च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ मध्ये 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोग गुन्हा ठरला. सर्वोच्च न्यायालयाने संमतीने ठेवलेले प्रौढांचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यातून वगळले.

रोममध्ये ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिकवणग्रंथाने समलैंगिक कृत्ये निसर्गनियमाविरुद्ध म्हटली, पण अशी माणसे आपली अवस्था स्वतः निवडत नाहीत असेही म्हटले. १९९७ च्या लॅटिन आवृत्तीत ते वाक्य गेले. हा कल वस्तुतः विकृत आहे, असे तिथे आले. त्यांना आदराने वागवावे, अन्याय्य भेदभाव करू नये, ही सूचना कायम राहिली. २०१३ मध्ये, काही काळ शिथिल राहिलेले कलम ३७७ पुन्हा लागू झाले तेव्हा तिला धरून मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस उघडपणे म्हणाले, ख्रिस्तसभा या माणसांना गुन्हेगार मानत नाही.