वजनकाटा आणि मामाची नजर

मागच्या शनिवारी टपरीवर चहा पिताना एका मित्राशी बॉक्सिंगवरून जोरदार वाद झाला. निमित्त होतं २६ एप्रिल २०२५ ची लंडनमधली लढत, ख्रिस युबँक ज्युनियर विरुद्ध कॉनर बेन. आदल्या दिवशीच्या वजनाला युबँक १६० पौंडांच्या मर्यादेपेक्षा ०.०५ पौंड जास्त भरला. म्हणजे जेमतेम २२-२३ ग्रॅम. त्यासाठी दंड किती? पावणेचार लाख पौंड (हे पैशातले पौंड!). शिवाय करारात आणखी एक अट होती: लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होणार आणि ते १७० पौंडांच्या वर जाता कामा नये. यालाच रिहायड्रेशन लिमिट म्हणतात.

मित्राचं म्हणणं, "ही सरळसरळ बदमाशी आहे. एकदा वजन दिल्यावर माणसाने पाणी किती प्यायचं हेसुद्धा करारात लिहिणार?" मी हट्टाने उलटी बाजू घेतली. पण घरी आल्यावर डोक्यातून विषय जाईना, कारण मला माझा मामा आठवला.

मामा लातूरकडचा. लहानपणी तो मला माळेगावच्या यात्रेला न्यायचा. खंडोबाची यात्रा, नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात. लोक घोडे-उंट बघायला जायचे, आम्ही कुस्त्यांना. मामा स्वतः कधीच फार मोठा पैलवान नव्हता, पण गावाकडच्या फडात जोड लावायला त्याला हमखास बोलवायचे. दोन पोरं समोर उभी करायची, खांदे बघायचे, मान बघायची, मांडीवर थाप मारायची आणि "लावा" म्हणायचं. एकदा मी शहाणपणा करून विचारलं की वजन का करत नाहीत? मामा म्हणाला, "किलो काय विचारायलास? अंग बघ की पोराचं." तेवढ्यात हलगी वाजायला लागली आणि माझा प्रश्न तिथेच संपला.

आता या पद्धतीला न्याय म्हणायचं का? पूर्ण नाही. पाटलाच्या पोराला सोपी जोड मिळायची हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण तिच्यात एक गोष्ट बरोबर होती. माप घ्यायची वेळ आणि लढायची वेळ एकच होती. आणि माप सगळ्या गावासमोर व्हायचं. जोड विजोड दिसली तर लोक ओरडायचे.

याच मातीतून रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार आले. निलंगा तालुक्यातलं गाव. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, १९७७ मध्ये बेळगावात सतपालवर विजय. फडात नाव करायचं आणि परदेशी जाऊन काट्यावरही उभं राहायचं, अशा दोन्ही जगांत वावरलेली ही पिढी.

काटा आला तो न्यायासाठीच. बॉक्सिंगमध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ मध्ये आठ वजनगट पक्के केले. पुढे कित्येक दशकं वजन लढतीच्या दिवशीच व्हायचं. मग १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर पंधराऐवजी बारा फेऱ्या झाल्या, आणि त्याच दशकात वजन आदल्या दिवशी घ्यायची पद्धत रुळली. हेतू चांगला होता: सुकलेल्या शरीराने कोणी रिंगणात उतरू नये, पाणी भरून यायला वेळ मिळावा.

पण आपल्या ऑफिसात काय होतं? ऑडिटच्या आदल्या रात्री सगळी तिकिटं क्लोज होतात आणि ऑडिट संपलं की परत उघडतात. तस्संच झालं. वेळ मिळतोय म्हटल्यावर लोक आणखी पाणी काढायला लागले. मीठ बंद, पाणी बंद, घामाचा सूट, सौना. काट्यावर उभं राहायचं आणि मग दिवसभरात सगळं परत भरायचं.

याचा हिशोब २६ फेब्रुवारी २००० ला न्यूयॉर्कमध्ये लागला. आर्तुरो गाटी विरुद्ध जोई गमाश, मर्यादा १४१ पौंड. लढतीच्या रात्री टीव्हीवाल्यांच्या काट्यावर गाटी १६०, गमाश १४५. दुसऱ्या फेरीत गमाश आडवा झाला, मेंदूला इजा झाली, पुन्हा कधी लढला नाही. त्याने राज्याच्या आयोगाला कोर्टात खेचलं. २०१० मध्ये कोर्टाने वजन घेण्यात आयोगाचा हलगर्जीपणा मान्य केला, पण इजा त्यामुळेच झाली हे सिद्ध झालं नाही म्हणून भरपाई शून्य!

म्हणजे रिहायड्रेशन लिमिट आकाशातून पडलेली नाही. आयबीएफ संघटनेने तर किताबाच्या लढतींना दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन आणि दहा पौंडांची कमाल वाढ असा नियमच वर्षानुवर्षं ठेवला. तो सगळ्यांना सारखा. पण करारातली अट वेगळी. ती ज्याचं पारडं जड तो घालतो. २०२३ मध्ये डेव्हिस-गार्सिया लढतीत दहा पौंडांची अट डेव्हिसकडून आली. गार्सियाने ती मान्य केली आणि सातव्या फेरीत हरला. अटीमुळेच हरला असं मी म्हणत नाही. पण एकाच्या सोयीने लिहिलेल्या आकड्याला सुरक्षेचा नियम कसं म्हणायचं?

मग पुन्हा पुन्हा वजन घेतलं की झालं? कुस्तीने ते करून बघितलं. २०१८ पासून वजन स्पर्धेच्या सकाळी, आणि गट दोन दिवस चालला तर दुसऱ्या सकाळीही. परिणाम आपण सगळ्यांनी बघितला. ७ ऑगस्ट २०२४, पॅरिस, विनेश फोगाट, ५० किलो, १०० ग्रॅम जास्त. आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकलेली पोरगी यादीत शेवटी. नियम सगळ्यांना सारखा होता, हे खरंच. पण ती आधी ५३ मध्ये खेळायची. तिथली ऑलिंपिकची जागा भरलेली होती म्हणून खाली उतरली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे, बिराजदारांचाच शिष्य, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य जिंकला. पण ६१ चा गट ऑलिंपिकमध्ये नव्हताच. ऑलिंपिक हवं तर ५७ ला या. शरीर काहीही म्हणो, दारं ठरलेल्या मापाचीच.

आता खरं कारण सांगतो, मला हा विषय का झोंबतो ते. २०१६ चा एप्रिल. मी नांदेडला इंजिनिअरिंगला होतो, सुट्टीत मामाकडे गेलो. त्याच महिन्यात मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली होती, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आणि माझा सोळा वर्षांचा मामेभाऊ एका निवड चाचणीसाठी भर उन्हात प्लास्टिकचं जॅकेट घालून पळत होता. तीन किलो उतरवायचे होते. मामीने घागरीतून जपून काढलेला तांब्या पुढे केला तर त्याने चूळ भरून थुंकून टाकली. काट्यावर तो पास झाला. कुस्तीत दुसऱ्या मिनिटाला पायात गोळे आले आणि हरला. मामा काही बोलला नाही. त्यानंतर पोराने लंगोट पेटीत टाकला तो टाकलाच.

माझं मत असं. कमाल वाढीवर बंधन हवं, पण ते संघटनेच्या नियमात, दोन मॅनेजरांच्या करारात नको. आणि नुसते किलो मोजून भागणार नाही, अंगातलं पाणीही मोजायला हवं. हे स्वप्नरंजन नाही. १९९७ च्या अखेरीस महिनाभरात तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना मेले, तेव्हा अमेरिकेच्या एनसीएएने हंगामाच्या सुरुवातीलाच लघवी तपासून आणि चरबी मोजून प्रत्येकाचं किमान वजन ठरवायला सुरुवात केली. त्याखाली उतरायचंच नाही. २०१५ मध्ये यांग जियान बिंग वजन उतरवताना गेला, त्यानंतर आशियातल्या वन चॅम्पियनशिपनेही पाण्याची तपासणी आणली.

म्हणजे फिरून मामाकडेच आलो की! किलो नाही, अंग बघ. फक्त या वेळी नजरेच्या जागी तपासणी, आणि पाटलाच्या पोरालाही तीच.

मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. म्हणाला, "म्हणजे माझंच बरोबर." अर्धं, मी म्हटलं. असो. पुढच्या शनिवारचा चहा त्याच्याकडून.