मेघ-संगणन सुरक्षा

दूरस्थ व सामायिक संगणकांवरील माहिती, कार्यक्रम आणि कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणाली यांचे संरक्षण करणारी अभियांत्रिकी शाखा. तिचे मूळ एकाच यंत्राच्या सामायिक वापरात आहे.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बातो यांनी १९६१ मध्ये कालविभाजन प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. पुढे तीत प्रत्येक वापरकर्त्यास परवलीचा शब्द देण्यात आला. परंतु १९६६ मध्ये फायलींच्या अदलाबदलीमुळे परवलीच्या शब्दांची यादीच प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या टंकयंत्रावर उमटली. विलिस वेअर यांच्या समितीने १९७० च्या अहवालात सुरक्षा हा यंत्रे, कार्यक्रम, दळणवळण व माणसे यांचा एकत्रित प्रश्न असल्याचे मांडले.

ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण व संगणन भाड्याने देण्यास प्रारंभ केला. या व्यवस्थेत सेवादाता यंत्रे सांभाळतो. माहिती कोणास खुली करावयाची, हे मात्र ग्राहक ठरवितो. म्हणून आवश्यक तेवढेच अधिकार देणे, माहितीचे कूटलेखन करणे व नोंदी तपासणे ही सुरक्षा अभियंत्याची प्रमुख कामे होत.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नवे धोके उद्‌भवले. डोळ्यांस न जाणवणाऱ्या फेरफाराने चित्र ओळखणारी प्रणाली फसते, असे २०१३ मध्ये दिसून आले. भाषिक प्रतिमाने तर वाचावयास दिलेल्या मजकुरातील वाक्यही आज्ञा समजून पाळू शकतात. त्यावर संपूर्ण उपाय अद्याप सापडलेला नाही. जुने धोकेही टळलेले नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दिलेल्या एका दुव्यातील अतिव्यापक परवानगीमुळे ३८ टेराबाइट खाजगी माहिती खुली राहिल्याचे २०२३ मध्ये उघडकीस आले. १९६६ प्रमाणे येथेही कुलूप तुटले नव्हते. माणसाच्या हातून दार उघडे राहिले होते.