ओकिनावाचे कराटे : अंगणात वाढलेली विद्या

कराटे म्हटले की पांढरा गणवेश, कमरेचा काळा पट्टा आणि हाताच्या एका फटक्यात फुटणारी कौलांची चळत असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. चित्रपटांनी आणि क्रीडास्पर्धांनी रूढ केलेल्या या चित्राशी कराटेच्या जन्मभूमीचा फारसा संबंध नाही. जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिणेला सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर असलेल्या ओकिनावात साडेतीनशेहून अधिक कराटे शाळा आहेत. या शाळांना डोजो म्हणतात. त्यांतील अनेक डोजो शिक्षकाच्या राहत्या घराच्या तळमजल्यावर किंवा घरालगतच्या खोलीत भरतात. दहा-पंधरा विद्यार्थी, भिंतीवर दिवंगत गुरूंची छायाचित्रे, एका बाजूला टांगलेल्या नावाच्या लाकडी पट्ट्या आणि कोपऱ्यात दगडी वजने, एवढाच त्यांचा थाट असतो.

ओकिनावा मुळात जपानचा भाग नव्हता. १४२९ साली एकत्र झालेले ऱ्युक्यू राज्य चीन, जपान आणि आग्नेय आशिया यांच्यातील व्यापारावर जगत होते. १६०९ साली जपानच्या सात्सुमा संस्थानाने ते मांडलिक केले आणि १८७९ साली मेइजी सरकारने राजाला पदच्युत करून ओकिनावा हा प्रांत बनवला. या काळात बेटावरील ‘ती’ म्हणजे ‘हात’ या नावाची स्थानिक युद्धविद्या आणि चीनच्या फुजियान किनाऱ्यावरून आलेली मुष्टिविद्या यांचा मिलाफ होत गेला. राजधानी शुरी, बंदराचे नाहा आणि शेजारचे तोमारी या तीन वस्त्यांच्या नावांनी ही विद्या पुढे ओळखली गेली. या वस्त्या एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे घराण्यांचे वेगळेपण सांगताना त्यांतील देवाणघेवाण विसरून चालत नाही.

शस्त्रबंदीमुळे गांजलेल्या शेतकऱ्यांनी रिकाम्या हाताने लढण्याची ही कला शोधली, ही कथा जगभर सांगितली जाते. ती रम्य आहे, पण नोंदी तिला साथ देत नाहीत. ज्यांची नावे आज ज्ञात आहेत ते जुने आचार्य बहुतेक दरबारी आणि सरदारी वर्गातले होते. सोकोन मात्सुमुरा राजाच्या अंगरक्षक दलात होते, अंको इतोसू दरबारात लेखनिक होते. गिचिन फुनाकोशी यांचा जन्मही सामान्य ऐपतीच्या सरदार घराण्यातच झाला. शिक्षण मात्र गुप्त असे. फुनाकोशी रात्रीच्या अंधारात गुरू आझातो यांच्या अंगणात जात आणि एकच काता, म्हणजे हालचालींचा ठरावीक क्रम, महिनोन्‌महिने घोटत. नाइहांची या कात्याचे तीन भाग शिकण्यात त्यांची दहा वर्षे गेली.

ही विद्या अंगणातून शाळेच्या मैदानावर आणली ती इतोसू यांनी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ती विद्यालयांत शिकवण्यास सुरुवात केली, मुलांसाठी पिनान नावाचे पाच सोपे काता रूढ केले आणि १९०८ साली शिक्षण खात्यासाठी दहा कलमांचे एक टिपण लिहिले. रांगेत उभे राहून एका आज्ञेवर हात-पाय हलवणारा वर्ग ही आज कराटेची ओळख मानली जाते. तिचा उगम या शालेय कवायतीत आहे. त्याआधी गुरू आणि एक-दोन शिष्य हीच पद्धत होती. संख्या वाढली आणि विद्या टिकली हे खरेच. पण प्रत्येक शिष्याच्या शरीरानुसार शिकवण्याची सोय या कवायतीत उरली नाही. ओकिनावातील जुन्या वळणाचे डोजो तेवढी सोय अजून जपून आहेत.

याचे उत्तम उदाहरण नाहामधील जुंदोकान. गोजू-र्‍यू घराण्याचे संस्थापक चोजुन मियागी (१८८८–१९५३) आपल्या घराच्या अंगणात शिकवत. त्यांच्या निधनानंतर शिष्य एइइची मियाझातो यांनी आसातो भागात हा डोजो उभारला. येथील जुन्या रिवाजानुसार प्रौढ विद्यार्थी आपापल्या सवडीने येतो, नमस्कार करून स्वतःच सरावाला लागतो. ज्येष्ठ मंडळी येता-जाता त्याच्याकडे पाहतात. एखादा जण थांबून खांदा दाबतो, पाऊल सरकवतो आणि पुढे जातो. घंटा-दीड घंट्याचा आखीव तास आणि त्यात शिकवायचा ठरावीक भाग, अशी अपेक्षा घेऊन आलेला पाहुणा पहिल्या दिवशी गोंधळतो. कोणी काही शिकवतच नाही, असे त्याला वाटते.

सरावाचा मोठा भाग ‘होजो उंदो’ या पूरक व्यायामाचा असतो. चि-इशी म्हणजे लाकडी दांड्याच्या टोकाला बसवलेले दगडाचे किंवा सिमेंटचे वजन. ते फिरवताना आपल्याकडील मुद्गल आठवतो. निगिरी-गामे हे वाळू भरलेले मातीचे घट. त्यांचा काठ फक्त बोटांच्या टोकांनी पकडून पावले टाकायची असतात. इशी-साशी हे कुलपाच्या आकाराचे वजन, तर कोंगोकेन हे लांबट वर्तुळाकार जड लोखंडी कडे. हे कडे मियागी यांनी १९३४ च्या हवाई दौऱ्यात तेथील पहिलवानांकडे पाहिले आणि आपल्या साधनांत आणले. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. सर्वांत परिचित साधन म्हणजे माकिवारा. जमिनीत पुरलेल्या लवचिक फळीच्या वरच्या टोकाला पेंढ्याची दोरी गुंडाळलेली असते. तीवर रोज ठोसे मारून मुठीची कातडी जाड होते, पण तो हेतू दुय्यम. ठोशाचा धक्का उलट अंगात येतो आणि मनगट, कोपर, कंबर वा टाच यांतील कोणता दुवा ढिला आहे ते लगेच कळते. हवेत मारलेला ठोसा ही चूक दाखवत नाही.

नाहाकडील परंपरेचा पाया म्हणजे सानचिन हा काता. पाहणाऱ्याला त्यात विशेष काही दिसत नाही. काही संथ पावले, हातांच्या मोजक्या हालचाली आणि खोल श्वास. शरीर ताठ न होता घट्ट ठेवणे आणि श्वास पोटातून चालवणे, एवढेच साधायचे असते. विद्यार्थी हा काता करत असताना शिक्षक त्याच्या खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांवर हाताने थापा देत शरीराची घडण तपासतो. कानर्‍यो हिगाओन्ना हे मियागी यांचे गुरू. ते नव्या शिष्याला तीन-तीन वर्षे सानचिनखेरीज काही शिकवत नसत असे सांगितले जाते. मियागी हेही बहुतेक शिष्यांना सानचिन आणि त्याच्या प्रकृतीला मानवेल असा आणखी एखादा काता देत. आज शिकाऊ विद्यार्थीही पाच-सहा वर्षांत डझनभर काता पाठ करतो. त्यांतील किती त्याच्या अंगात उतरतात, हा प्रश्न ओकिनावातील ज्येष्ठ शिक्षक उघडपणे विचारतात आणि तो अनाठायी नाही.

पट्ट्यांचे रंग आणि ‘दान’ या पदव्याही येथे उपऱ्याच. त्या ज्यूदोकडून आल्या. फुनाकोशी यांनी १९२४ साली टोकियोत पहिल्यांदा काळे पट्टे दिले. मियागी यांनी हयातीत कोणालाही दान दिले नाही. युद्धपूर्व छायाचित्रांत शिष्य उघड्या अंगाने, आखूड चड्डीवर सराव करताना दिसतात.

शिक्षक या विद्येवर पोट भरत नसत आणि आजही अनेकांचा चरितार्थ दुसऱ्याच व्यवसायावर चालतो. शोशिन नागामिने आणि मियाझातो हे दोघेही पोलीस खात्यात होते. मासिक वर्गणी घेतली जाते, पण ती बहुधा जागेच्या खर्चापुरती. सरावाआधी केर काढणे आणि सरावानंतर फरशी पुसणे हे विद्यार्थ्यांचे काम. त्यातून डॉक्टर सुटत नाही आणि काळा पट्टाही सुटत नाही. ओकिनावाच्या समाजजीवनात मोआई ही संस्था रुजलेली आहे. आपल्याकडील भिशीप्रमाणेच दरमहा ठरावीक रक्कम जमवून ती पाळीपाळीने एकेकाला द्यायची आणि त्या निमित्ताने भेटत राहायचे, असे तिचे स्वरूप. डोजोमधील माणसांचे नातेही याच वळणाचे असते. विद्यार्थी तेथे वर्षानुवर्षे येतो. शिक्षकाच्या घरचे लग्न आणि मृत्यू त्याच्या घरचेही होतात.

या नात्यांनीच विद्येला स्थलांतरातही जगवले. फूचौ शहरी चिनी मुष्टिविद्या शिकून परतलेल्या कानबुन उएची यांनी गावात बरीच वर्षे कोणालाच शिकवले नाही. पुढे पोटासाठी ते जपानच्या वाकायामा शहरात गेले. तेथील गिरण्यांत ओकिनावाहून आलेल्या मजुरांची वस्ती होती आणि एका देशबांधवाच्या आग्रहावरून उएची यांनी कामगारांच्या चाळीत शिकवणे सुरू केले. उएची-र्‍यू हे आज ओकिनावातील प्रमुख घराण्यांपैकी एक आहे.

घराण्यांनी एकमेकांशी बोलावे यासाठीचे प्रयत्नही जुने आहेत. १९२६ साली मियागी, केनवा माबुनी, चोमो हानाशिरो आदींनी नाहाच्या वाकासा भागात सर्वांसाठी एक सराव मंडळ काढले. ते काही वर्षेच चालले. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी ‘र्‍युक्यू शिंपो’ या वृत्तपत्राने नाहात आचार्यांची बैठक बोलावली. कराटेतील ‘कारा’ हा उच्चार तोवर ‘चीन’ या अर्थाच्या अक्षराने लिहिला जाई. बैठकीत ‘रिक्त’ या अर्थाचे अक्षर मान्य झाले. चीनशी युद्ध तोंडावर आलेल्या जपानमध्ये हा बदल केवळ तात्त्विक नव्हता, हे उघड आहे. ओकिनावाच्या प्रांतिक विधिमंडळाने २००५ मध्ये हीच तारीख ‘कराटे दिन’ म्हणून जाहीर केली.

बैठकीला दहा वर्षेही झाली नव्हती तोच १९४५ ची लढाई बेटावर आली. अंदाजे चौथा हिस्सा लोकसंख्या मारली गेली. बैठकीला हजर असलेले चोतोकु क्यान युद्ध संपताच हालअपेष्टांत वारले. मियागी यांचे ज्येष्ठ शिष्य जिनआन शिंझातो, ज्यांच्याकडे वारसा जाईल असे मानले जाई, तेही त्या लढाईतच गेले. मियागी १९५३ साली वारले तेव्हा उत्तराधिकारी नेमलेला नव्हता. त्यांचे शिष्य आपापले डोजो काढून वेगळे झाले. जुंदोकान त्यांतील एक. गुरूने अमुकच शिकवले की तमुक, यावरील वाद त्यानंतर कित्येक वर्षे शमला नाही. कागदावर काहीच नसलेल्या विद्येत एक माणूस गेला की काय होते, याचा हा ओकिनावाने घेतलेला अनुभव आहे. १९५६ साली चोशिन चिबाना यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महासंघ उभा राहिला, तोही फार काळ एकसंध राहिला नाही. विविध संघटनांना एका छत्राखाली आणणारी संस्था थेट २००८ साली स्थापन झाली.

अमेरिकी अंमल १९७२ पर्यंत होता. तळांवरील सैनिक डोजोत आले, दोन-तीन वर्षांत बदली होऊन परत गेले आणि अमेरिकेत त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. विद्येचा प्रसार असा झाला. त्यात अर्धवट शिकलेलेही पसरले.

आज पेच वेगळा आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ६ ऑगस्ट २०२१ रोजी र्‍यो कियुना यांनी काता प्रकारात सुवर्णपदक जिंकले. ओकिनावात जन्मलेल्या खेळाडूचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्ण. त्यांचे घराणे र्‍यूएइ-र्‍यू. नाकाइमा कुटुंबाने ते पिढ्यान्‌पिढ्या घरातच ठेवले होते. केनको नाकाइमा यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाहेरच्यांना शिकवण्यास घेतले. त्या शिष्यांतील त्सुगुओ साकुमोतो हे कियुना यांचे प्रशिक्षक. कुटुंबाने दार बंदच ठेवले असते तर ते सुवर्ण नव्हते आणि कदाचित ते घराणेही आज नसते. पण स्पर्धेतील पंचांना दुरून दिसावे म्हणून काता अधिक खोल, अधिक ताणलेला आणि अधिक नाट्यमय होतो. जुन्या डोजोतला तोच काता उंच, आखूड आणि साधा दिसतो. बेटावरील मुले यांपैकी कोणता शिकतील, याची चिंता अनेक शिक्षकांना आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून कराटे वगळले गेल्याने ती मिटलेली नाही.

प्रांताने २०१७ साली तोमिगुसुकु येथे कराटे काइकान हे भव्य केंद्र उभारले. बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांना योग्य डोजोशी जोडून देण्याचे कामही तेथून सुरू झाले. पूर्वी यासाठी ओळखीच्या माणसाची चिठ्ठी लागे. युनेस्कोच्या वारसा यादीत नाव यावे यासाठीही प्रयत्न आहेत. एखाद्या लहान डोजोत संध्याकाळी गेल्यास स्थानिकांच्या बरोबरीने युरोप-अमेरिकेतले विद्यार्थीही सराव करताना दिसतात. ते सुट्टी खर्चून आलेले असतात आणि त्यांचे काता चोख असतात. सराव संपल्यावर शिक्षक त्यांच्याही हाती फडके देतो.